आकाशपाळणा आणि दिव्याचा फलाट

४ फेब्रुवारी २०२५ रोजी बृहन्मुंबई महानगरपालिकेचे २०२५-२६ या वर्षाचे अंदाजपत्रक सादर झाले. ७४,४२७ कोटी रुपयांच्या त्या अंदाजपत्रकात पर्यटनवृद्धीच्या सदरात एक जुनेच स्वप्न नव्याने मांडले गेले. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी उभ्या असलेल्या ‘लंडन आय’ या महाकाय निरीक्षणचक्राच्या धर्तीवर मुंबईत खासगी सहभागातून ‘मुंबई आय’ उभारण्याचे ते स्वप्न. त्यानंतर बरोबर चार महिने आणि पाच दिवसांनी, ९ जूनच्या सोमवारी सकाळी, दिवा आणि मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान एका वळणावर दोन लोकल गाड्या परस्परांच्या शेजारून गेल्या. एक कसाऱ्याकडे निघालेली, दुसरी मुंबईकडे. दोन्ही गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी एकमेकांवर घासले गेले आणि खाली पडले, असे रेल्वेचे प्राथमिक म्हणणे होते. तेरा जण रुळांवर पडले. त्यांतील चौघांनी त्याच दिवशी प्राण सोडले.

या दोन घटनांचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न एखादा व्यवहारी वाचक विचारील. तो प्रश्न रास्तही आहे. चक्र मुंबईत व्हायचे आहे आणि अपघात ठाणे महापालिकेच्या हद्दीत झाला. चक्राचा पैसा खासगी गुंतवणूकदाराचा, लोकल गाडी भारतीय रेल्वेची. एका खिशातला रुपया दुसऱ्या खिशात जात नाही. त्यामुळे ‘पाळण्याऐवजी गाड्या द्या’ ही घोषणा सभेत टाळ्या मिळवून देत असली तरी तिच्यात फारसा अर्थ नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. संबंध आहे तो निराळ्या ठिकाणी, आणि तो समजून घेण्यासाठी या चक्राचा थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

आकाशपाळणा आपल्याला नवा नाही. कोकणातल्या आणि देशावरच्या जत्रांत लाकडी चौकटीवर चार पाळणे टांगून ते हातांनी फिरवणारी माणसे एका पिढीपूर्वीपर्यंत सर्रास दिसत. पाळणा वर गेला की देवळाचा कळस डोळ्यांच्या पातळीवर येई आणि पोटात गोळा उठे. एवढ्याच आनंदासाठी पोरे घरून मिळालेले सगळे पैसे संपवीत. या साध्या खेळण्याला पोलादाचे महाकाय रूप मिळाले ते अमेरिकेतील शिकागो येथे, १८९३ साली भरलेल्या विश्वप्रदर्शनात. १८८९ च्या प्रदर्शनासाठी पॅरिसने आयफेल मनोरा उभारून जगाला थक्क केले होते. शिकागोच्या प्रदर्शनाचे मुख्य वास्तुविशारद डॅनिएल बर्नहॅम यांना त्याहून सरस असे काही हवे होते. आयफेलहून उंच मनोरा बांधण्याच्या योजना अनेकांनी पुढे केल्या. त्यांतील एकही त्यांच्या मनास आली नाही, कारण मनोऱ्याला मनोऱ्याने दिलेले उत्तर हे उत्तरच नव्हते. अखेर जॉर्ज फेरिस नावाचा, पुलांच्या पोलादाची पारख करणारा तिशीतला अभियंता एक आराखडा घेऊन पुढे आला. २६४ फूट उंचीचे, फिरणारे चक्र. छत्तीस डबे, प्रत्येक डब्यात साठ माणसे, म्हणजे एका वेळी दोन हजारांहून अधिक लोक हवेत. ही कल्पना वेडगळपणाची ठरवली गेली, परवानगी देऊन पुन्हा काढून घेतली गेली आणि प्रदर्शन १ मे रोजी उघडल्यानंतरही चक्राचे काम चालूच होते. २१ जून १८९३ रोजी ते फिरू लागले. त्याचा आस पंचेचाळीस फूट लांबीचा होता. एका तुकड्यात घडवलेली एवढी मोठी पोलादी वस्तू त्या काळी दुसरी नव्हती.

त्याच प्रदर्शनाला जोडून भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत ११ सप्टेंबर १८९३ रोजी एक तरुण हिंदू संन्यासी बोलावयास उभा राहिला, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. मात्र परिषदेपूर्वी, उन्हाळ्यात शिकागोला पोहोचल्यावर, विवेकानंद सुमारे बारा दिवस तेथे राहिले आणि जवळजवळ रोज प्रदर्शन पाहावयास जात, हे त्यांच्या पत्रांतून कळते. नखाने कोरलेली चित्रे विकणारा, धोतर नेसलेला एक मराठी ब्राह्मणही त्यांना तेथे दिसला होता. ते महाचक्र तेव्हा त्या मैदानावर फिरत होते. ते पाहून त्या संन्याशाच्या मनात काय आले असेल, याचा तर्क करण्यात अर्थ नाही. इतके मात्र दिसते की, अमेरिकेचे यंत्रकौशल्य त्यांनी डोळे भरून पाहिले, त्याची मोकळ्या मनाने प्रशंसा केली आणि परिषदेत उभे राहिल्यावर जे सांगितले ते स्वतःचे सांगितले. शिकागोच्या त्या एका उन्हाळ्यात दोन गोष्टी जगापुढे आल्या आणि दोन्ही उसन्या नव्हत्या.

फेरिस यांच्या चक्राचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. प्रदर्शन चालू होते तोवर पन्नास सेंट देऊन चौदा लाखांहून अधिक माणसे त्यात बसली. प्रदर्शन संपले आणि गर्दी ओसरली. पैशांवरून न्यायालयीन वाद सुरू झाले. फेरिस १८९६ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, कर्जाने खचलेल्या अवस्थेत विषमज्वराने मरण पावले. चक्र शहरातच दुसरीकडे हलवले गेले, मग १९०४ च्या प्रदर्शनासाठी सेंट लुईला नेले गेले आणि १९०६ साली सुरुंग लावून पाडले गेले. मोडीत निघालेल्या पोलादाखेरीज त्याचे काही उरले नाही. व्हिएन्नाचे १८९७ सालचे चक्र मात्र आजही फिरते आहे. त्याची उंची जेमतेम पासष्ट मीटर आहे.

बरोबर शंभर वर्षांनी, १९९३ साली, लंडनमध्ये नव्या सहस्रकाच्या स्वागतासाठी स्मारकाची स्पर्धा जाहीर झाली. डेव्हिड मार्क्स आणि ज्युलिया बारफील्ड या वास्तुविशारद दांपत्याने चक्राची कल्पना पाठवली. त्या स्पर्धेत कोणासही पारितोषिक मिळाले नाही, पण दांपत्याने कल्पना सोडली नाही. जागा शोधली, परवानग्या मिळवल्या, एका विमान कंपनीला भागीदार केले. १३५ मीटर उंच, बत्तीस काचेच्या कुप्या, प्रत्येकीत पंचवीस माणसे आणि अर्ध्या तासात एक फेरी. सायकलच्या चाकाप्रमाणे ताणलेल्या तारांवर तोललेले ते चक्र नदीच्या पात्रात आडवे जोडले गेले आणि मग हळूहळू उभे केले गेले. पहिला प्रयत्न फसला तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची यथेच्छ टिंगलही केली. १९९९ च्या अखेरच्या दिवशी त्याचे औपचारिक उद्‌घाटन झाले आणि मार्च २००० मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. परवानगी पाच वर्षांपुरती होती. लोकांनी ते इतके आपलेसे केले की पुढे ते कायमचे झाले.

ही सारी कथा आपल्या राज्यकर्त्यांना सांगितली जाते ती इथवरच. त्याच वर्षी, त्याच शहरात आणि त्याच परिसरात आणखी एक काम पूर्ण झाले, त्याचा उल्लेख कोणी करीत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेतील ज्युबिली मार्गाचा पूर्वेकडचा विस्तार १९९९ सालीच टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि वर्षअखेर पूर्ण झाला. त्याला जवळजवळ साडेतीन अब्ज पौंड लागले. चक्राला लागलेल्या रकमेच्या तो खर्च कित्येक पट होता. चक्रापासून हाकेच्या अंतरावर असलेले वॉटर्लू स्थानक या नव्या मार्गावर आहे. तेथील नव्या भुयारी फलाटांवर रूळ आणि प्रवासी यांच्यामध्ये काचेची भिंत आहे. गाडी येऊन थांबल्यावरच त्या भिंतीतील दारे उघडतात. फलाटावरून माणूस रुळांवर पडण्याची सोयच तेथे ठेवलेली नाही. लंडनने नव्या सहस्रकाच्या तोंडावर जगाला पाळणा दाखवला आणि स्वतःच्या नागरिकांसाठी बंद दारांचा फलाट बांधला. आपल्याकडे आलेल्या शिष्टमंडळांना आणि आपल्याकडून गेलेल्या शिष्टमंडळांना पाळणा तेवढा दिसला.

आता मुंबईकडे वळू. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी वांद्रे रेक्लमेशन परिसरात ‘मुंबई आय’ उभारण्याचा विचार बोलून दाखवला. सरकारे बदलली, मुख्यमंत्री बदलले, महापालिकेत प्रशासकांचा कारभार आला. स्वप्न मात्र या फायलीतून त्या फायलीत फिरत राहिले. त्या अर्थाने चक्र फिरू लागलेच आहे, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. या प्रश्नी पक्षापक्षांत भेद करण्याचे कारण नाही. महाविकास आघाडीच्या काळात बोलले गेले तेच महायुतीच्या काळात अंदाजपत्रकात आले. आपले मानलेले सरकार असले म्हणून आपल्या लेखणीने वेगळी मोजपट्टी वापरावी, असे होता कामा नये. कोलकात्यातही २०११ साली सत्तांतर झाल्यावर हुगळीच्या काठाचे लंडन करण्याची आणि तेथे ‘कोलकाता आय’ उभारण्याची घोषणा ममता बॅनर्जी यांनी केली होती. तो पाळणा कोणी पाहिलेला नाही. दिल्लीत कालिंदी कुंज येथे पंचेचाळीस मीटरचे चक्र २०१० साली उभे राहिले आणि लोकांसाठी खुले व्हायला २०१४ साल उजाडले.

नावाविषयीही एक शब्द. मुंबई हे नाव ज्या मुंबादेवीवरून आले तिला भक्तांनी ‘आई’ म्हटले आणि ती मुंबाई झाली. आता त्या आईच्या नावापुढे इंग्रजी ‘आय’ जोडून आपण तिचे नव्याने बारसे करणार. ‘आय’ म्हणजे डोळा, हे वांद्र्याच्या पंचतारांकित हॉटेलात समजेल. दिव्याच्या चाळीतली आजी मात्र ‘मुंबई आय’ ऐकून हात जोडील आणि तिचा अर्थ अधिक बरोबर असेल. ज्या नगरीच्या पायाशी घारापुरीची त्रिमूर्ती आहे, तिने आपल्या नव्या वास्तूला नाव द्यायचे तर लंडनच्या कोशात शोधावे लागावे, हा दारिद्र्याचा कोणता प्रकार?

घारापुरीचा विषय निघाला आहे तर तेही सांगून टाकू. १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले ते बेट गेटवेपासून लाँचने तासाभराच्या अंतरावर आहे. तेथील गावांत वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्रतळातून केबल टाकून. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे मुंबईचे दिवे समोर लखलखताना बेटावरची माणसे अंधारात बसून होती. जगातून येणारा प्रवासी मुंबईत काय पाहावयास येतो, याचे उत्तर खरे तर त्या लेण्यांत, कान्हेरीत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटाखाली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांतील अकरा दुर्ग महाराष्ट्रात आहेत. लंडनचा माणूस स्वतःच्या घराशेजारी असलेला पाळणा पाहण्यासाठी सात हजार किलोमीटर प्रवास करून येणार नाही. तो रायगड पाहावयास येईल, जर तेथवर नेणारा रस्ता, पायथ्याशी स्वच्छ मुक्काम आणि त्याला समजेल अशा भाषेत इतिहास सांगणारा माणूस आपण उभा केला तर.

अर्थात, भव्यता नकोच असे म्हणणे हा दुसरा टोकाचा अविचार होईल. दरिद्री देशाने मंदिरे बांधू नयेत, स्मारके उभारू नयेत, चंद्रावर यान पाठवू नये, असा उपदेश करणारी एक जमात आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तिच्या पंक्तीला जाऊन बसण्याचे कारण नाही. भव्य वास्तू समाजाला उंच पाहायला शिकवते. २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तेव्हा प्रत्येक मराठी माणसाची मान ताठ झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण झाली आणि तिच्या फलाटांवर लंडनसारखीच बंद दारे आहेत. म्हणजे करायचे ठरवले तर आपल्याला जमत नाही असे नाही. दिव्याच्या पलीकडेच, म्हातार्डीजवळ, मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे ठाणे स्थानक व्हायचे आहे. त्या रेल्वेचे स्वागतच आहे. पण ज्या गावाच्या वेशीवर ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारी गाडी थांबणार, त्या गावाला आपल्या साध्या लोकलमध्ये पाय ठेवता येत नाही, ही विसंगती डोळ्यांआड करून कसे चालेल?

दिवा हे गाव मुंबईने घडवलेले आहे. मूळची आगरी-कोळ्यांची वस्ती, खाडीचे पाणी आणि भातशेती. आगासन, साबे, बेतवडे ही शेजारची गावे. १ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोहोचली ती येथूनच. पुढे १९१६ साली पारसिकचा सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा झाला, पनवेलकडे एक फाटा गेला, वसईकडे दुसरा गेला आणि दिवा जंक्शन झाले. तरीही फार काळ ते रूळ बदलण्याचे ठिकाण एवढेच राहिले. १९८२ साली गिरण्यांचा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, परळ-लालबागच्या खोल्यांचे भाव चढले आणि मराठी कुटुंबे रुळांच्या कडेकडेने पूर्वेला सरकत गेली. ज्यांना डोंबिवली परवडली ती डोंबिवलीत थांबली. ज्यांना तीही परवडेना ती दिव्यात आली. कोकणातून आलेला, देशावरून आलेला, पुढे उत्तरेतून आलेला माणूस येथे दाटीवाटीने राहू लागला. चाळींवर चाळी झाल्या, परवानगी नसलेल्या इमारती उभ्या राहिल्या. त्या कोणाच्या आशीर्वादाने उभ्या राहिल्या, हे त्या विकणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. आयुष्याची पुंजी ओतून त्यात घर घेणाऱ्याला ते उशिरा कळले. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यात येऊन पडत होता. त्या कचऱ्याला आगी लागत आणि धूर घराघरांत शिरे. ती कचराभूमी २०२३ च्या सुरुवातीस बंद झाली. ते झाले, याचे श्रेय ज्यांचे त्यांना द्यावे.

या गावाने आपले गाऱ्हाणे सभ्यपणे फार वर्षे मांडले. २ जानेवारी २०१५ रोजी गाड्या रखडल्या आणि त्या सभ्यतेचा बांध फुटला. दगडफेक झाली, वाहने जाळली गेली, मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प झाली. त्या हिंसेचे समर्थन कोणी करणार नाही. तरी त्यानंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, दिव्याला काही जलद गाड्यांचा थांबा मिळाला, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. अर्ज केला तर उत्तर नाही आणि दगड उचलला तर थांबा, असा धडा शासन यंत्रणा आपल्याच नागरिकांना देत असेल तर पुढच्या पिढीकडून शिस्तीची अपेक्षा कशी करायची? फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवा आणि सहावा मार्ग पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रार्पण झाला. लांब पल्ल्याच्या गाड्या त्यामुळे वेगळ्या झाल्या. तरीही सकाळी साडेसातला दिव्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या स्त्रीसमोर डोंबिवलीहून भरून आलेला महिलांचा डबा येतो, दारातल्या बायका आत सरकत नाहीत कारण आत सरकायला जागा नसते आणि गाडी निघून जाते. दुसरी येते. तिचेही तेच. तिसऱ्या गाडीला ती दांडी धरते.

दिव्यातूनच सुटणारी मुंबईची लोकल द्या, ही मागणी येथील प्रवासी वर्षानुवर्षे करीत आहेत. रेल्वेच्या अडचणी सगळ्याच खोट्या नाहीत. कल्याणपलीकडून येणाऱ्या गाड्यांनी रूळ आधीच भरलेले असतात. दिव्याच्या फाटकाने गाड्यांचे वेळापत्रक विस्कटत राहिले आणि त्यावरचा उड्डाणपूल भूसंपादनात रेंगाळत राहिला. हे सर्व मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये लोकलमधील मृत्यूंविषयी रेल्वेला कठोर शब्दांत सुनावले. या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. दुसऱ्या कोणत्या कारणाने एका महानगरात दरवर्षी इतकी माणसे मेली असती, तर तेथे आणीबाणीसारखी लगबग दिसली नसती काय?

येथे तो सुरुवातीचा संबंध पुन्हा हाती घ्यावा लागतो. पैसा वेगळा असतो हे खरे, पण राज्यकर्त्यांचे लक्ष वेगळे नसते. मंत्रालयात एका दिवसाचे तास तितकेच असतात आणि मुख्य सचिवाच्या टेबलावरची जागाही तितकीच. शिवाय उपनगरी रेल्वे ही केवळ दिल्लीची जबाबदारी, हेही अर्धसत्य आहे. १९९९ साली स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळात ५१ टक्के भाग रेल्वेचा आहे आणि ४९ टक्के महाराष्ट्र शासनाचा. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या खर्चात राज्याचा निम्मा वाटा असतो. कळवा ते ऐरोली हा उन्नत जोडमार्ग झाला, तर कल्याण-डोंबिवली-दिव्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या हजारो प्रवाशांना ठाण्याला उतरून गाडी बदलावी लागणार नाही आणि ठाण्याचे फलाट मोकळे होतील. २०१६ साली मंजूर झालेल्या टप्प्यातला तो प्रकल्प. त्यातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. जोडमार्ग मात्र अडला तो वाटेतल्या झोपड्यांच्या पुनर्वसनापाशी. तेथे हजारभर कुटुंबांसाठी घरे शोधायची होती. घरे शोधणे हे राज्याचे काम. समुद्रकाठी पाळण्यासाठी जागा शोधण्याचा उत्साह ज्या यंत्रणेत आहे, तिच्यातच हे दुसरे शोधकार्य इतकी वर्षे रेंगाळावे, यातून तिच्या आवडीनिवडी कळतात.

खासगी सहभागाविषयीही भाबडेपणा नको. ‘शासनाचा एक पैसाही लागणार नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा जमीन कोणाची, हे विचारावे. मुंबईत पैशाहून महाग वस्तू जमीन आहे आणि समुद्राला लागून असलेली मोकळी जमीन तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. चक्राचा धंदा फायद्याचाच होतो, असाही इतिहास नाही. सिंगापूरचे १६५ मीटरचे चक्र २००८ साली सुरू झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बिघाड होऊन १७३ माणसे सुमारे सहा तास हवेत अडकली आणि २०१३ साली ते कर्जबाजारी होऊन प्रापकाच्या ताब्यात गेले. मेलबर्नचे चक्र उद्‌घाटनानंतर चाळीस दिवसांत तडे गेल्याने बंद पडले, २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि २०२१ मध्ये कायमचे थांबले. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली घोषित झालेले १९२ मीटरचे चक्र अमाप खर्च होऊनही २०१८ साली रद्द झाले. दुबईचे २५० मीटरचे, जगात सर्वांत उंच, ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू होऊन पाच महिन्यांत बंद झाले आणि पुन्हा फिरायला डिसेंबर २०२४ उजाडला. बीजिंगचे तर उभेच राहिले नाही. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात ते किती दिवस फिरेल, तारांना गंज चढला तर देखभालीचा खर्च कोण करील, कंपनी बुडाली तर तो पोलादी सांगाडा कोण उतरवील, ही कलमे करारात आधी लिहिली गेली पाहिजेत. घोषणेच्या पत्रकात ती कधीच नसतात.

आपल्या इच्छाशक्तीची परीक्षा घेणारी एक भव्य योजना आधीच आपल्यासमोर आहे आणि तिचा उल्लेख करताना संकोच वाटतो. अरबी समुद्रातील छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्मारकाचे जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. प्रकरण न्यायालयात गेले, काम थांबले, स्मारक उभे राहिलेले नाही. महाराजांचे स्मारक जे समुद्रात उभे करू शकले नाहीत ते पाळणा उभा करण्याच्या गोष्टी बोलतात, तेव्हा मराठी माणसाला जे वाटते ते सर्व छापण्याजोगे नसते.

९ जूननंतर रेल्वेने लोकल गाड्यांना आपोआप बंद होणारी दारे बसवण्याची घोषणा केली. दारे बंद झाली की माणूस बाहेर पडणार नाही, पण बाहेर लोंबकळणारी माणसे आत कोठे मावणार, याचे गणित अधिक गाड्यांनीच सुटेल. अशा वेळी ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी काय करावे, हा प्रश्न वाचकांकडून येतो. या पट्ट्यात शाखा आहेत, वाचनालये आहेत, पतपेढ्या आहेत, गणेशोत्सव मंडळे आहेत. प्रवासी संघटनांच्या बैठकांना मात्र पाच-दहा निवृत्त गृहस्थ तेवढे हजर असतात. वेळापत्रकाचा अभ्यास करणे, प्रकल्पांच्या मुदती माहितीच्या अधिकारात मागवणे, आपल्याच लोकप्रतिनिधीच्या दारी दर महिन्याला त्याच प्रश्नासाठी जाणे, ही कामे रुक्ष आहेत. त्यांत हार-तुरे नाहीत. पण आपत्ती आल्यावर रक्तदानाला रांग लावणारा समाज ती आपत्ती टाळण्यासाठी कागदावर बसून का भांडत नाही, हे कोडे आपण आपल्यापुरते तरी सोडवायला हवे. आपला प्रतिनिधी आपलाच आहे म्हणून त्याला विचारायचे नाही, हा संकोच तर सर्वांत आधी सोडला पाहिजे.

पाळणा व्हायचाच असेल तर होवो. त्याला घाटमाथ्यावरच्या एखाद्या शिखराचे नाव मिळो, त्याचा आराखडा एखाद्या मराठी वा भारतीय अभियंत्याने स्वतंत्र बुद्धीने करावा, मुंबईत शिकणाऱ्या महापालिका शाळांच्या मुलांना त्यात फुकट बसवावे. लंडनच्या चक्रावरून निरभ्र दिवशी चाळीस किलोमीटरपर्यंतचा प्रदेश दिसतो, असे सांगतात. तेवढ्याच उंचीचे चक्र वांद्र्याला झाले आणि पावसाळा संपल्यावरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी कोणी ईशान्येकडे पाहिले, तर मिठागरांच्या आणि खाडीच्या पलीकडे पारसिकच्या डोंगराची निळसर रांग दिसेल. दिवा त्या रांगेच्या मागे आहे. कोकणातल्या सावंतवाडीची आणि रत्नागिरीची गाडी तेथून सुटते. पूर्वी दादरपर्यंत येणारी रत्नागिरीची पॅसेंजर करोनानंतर दिव्यालाच थांबू लागली. गणपतीत गावाला जाणारा गिरगाव-लालबागचा चाकरमानी पहाटेच्या अंधारात पेट्या, पिशव्या आणि झोपाळू पोरे घेऊन आधी लोकलने दिव्याला येतो आणि तेथे फलाटावर वर्तमानपत्र अंथरून आपल्या गाडीची वाट पाहतो.